पिकअपचे दिवसाचे लाईट बंद करायचेत? वायर कापू नका

पहाटे भाजी उतरवायला बेळगावच्या मार्केटात गाडी चालू ठेवून थांबलं की डीआरएल, म्हणजे गाडी चालू केली की आपोआप लागणारे दिवसाचे लाईट, समोरच्याच्या डोळ्यावर येतात, म्हणून बरेच जण सरळ वायरच कापतात, तसं करू नका बघा. आधी हँडब्रेक ओढून बघा, काही गाड्यांत तेवढ्यानंच बंद होतात. नाहीतर फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतला तक्ता वाचा, डीआरएलचा फ्यूज वेगळा असला तर इग्निशन बंद करून तो चिमट्यानं काढा आणि टेपनं झाकणालाच चिकटवून ठेवा. हेडलाईटसोबत एकच फ्यूज असला तर हातच लावू नका. आणि पावसाळ्यात चोर्ला घाटात धुकं असताना नुसत्या डीआरएलवर जाऊ नका, बऱ्याच गाड्यांत त्याच्यासोबत मागचे लाईट लागत नाहीत, हेडलाईटचा लो बीम (खालचा झोत) लावाच.