उन्हाळ्यातली रोबोटिक्स इंटर्नशिप: दिवाळीपासून कंपनीच्या गेटपर्यंतची तयारी

हिंगणा एमआयडीसीत आम्ही दुसऱ्या कारखान्यांच्या उत्पादन लाइनी ऑटोमेट करून देतो. दर उन्हाळ्यात नागपुरातल्या कॉलेजांची आणि पॉलिटेक्निकची मुलं-मुली आमच्याकडे येतात. काहींना पहिल्याच आठवड्यात मशीनला हात लावायला मिळतो. काही जण शेवटच्या दिवसापर्यंत ऑफिसात बसून मॅन्युअल चाळतात. दोघांचे मार्क सारखेही असू शकतात. सुपरवायझरच्या डोक्यात एकच प्रश्न असतो: या पोराला मशीनजवळ उभं केलं, तर त्याला किंवा मशीनला काही होणार नाही ना? तो भरवसा लवकर मिळावा, यासाठी ही यादी आहे.

सुरुवात दिवाळीलाच करा. मे महिन्यात जायचं म्हणून एप्रिलमध्ये धावपळ करणाऱ्यांना उरलेसुरलेलं मिळतं. बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या तीन विज्ञान अकादम्या मिळून दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. तिचे अर्ज आदल्या वर्षाच्या हिवाळ्याच्या तोंडावरच मागवले जातात आणि शिक्षकाचं शिफारसपत्रही लागतं. आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र स्पर्धेची नोंदणीही उन्हाळ्याच्या बरीच आधी होते. तिथे चांगलं काम करणाऱ्यांना ई-यंत्रच्याच उन्हाळी इंटर्नशिपचा रस्ता मोकळा होतो. खासगी कंपन्यांना जानेवारी-फेब्रुवारीत लिहा. मार्च एंडिंगच्या गडबडीत तुमचा मेल कोणी उघडत नाही आणि एप्रिलमध्ये तो खाली गेलेला असतो. मिहानमधल्या विमान दुरुस्तीच्या किंवा फाल्कन विमानांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, किंवा अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत जायचं मनात असेल, तर कॉलेजच्या ट्रेनिंग अँड प्लेसमेंट विभागामार्फतच आणि आणखी लवकर अर्ज करा. अशा ठिकाणी गेटपासच्या तपासणीला वेळ लागतो.

कंपनी शोधताना पाटीवर 'रोबोटिक्स' लिहिलेलीच पाहिजे हा हट्ट सोडा. नागपुरात रोबोटिक्सचं खरं काम बऱ्याचदा दुसऱ्या नावाखाली चालतं: कंट्रोल पॅनल बनवणारे, एसपीएम म्हणजे खास कामाची मशीनं बनवणारे, पीएलसीचे म्हणजे मशीन चालवणाऱ्या औद्योगिक कंट्रोलरचे प्रोग्रॅम लिहून देणारे, मोठ्या कारखान्यांचा मेंटेनन्स विभाग. हिंगण्याला ट्रॅक्टर बनतात, बुटीबोरीला टायर आणि धागा बनतो, कोराडीला ६६० मेगावॉटचे संच चालतात. सेन्सर, मोटर आणि कंट्रोलर यांची सांगड सगळीकडे आहे. रोबोटचा हात फक्त काही ठिकाणी दिसतो, पण हात चालवणारी अक्कल तीच असते. दहा माणसांच्या एसपीएमवाल्याकडे सहा आठवडे राहिलेला मुलगा मोठ्या नावाच्या कंपनीत प्रेझेंटेशन बनवून आलेल्यापेक्षा जास्त शिकून येतो, असं माझं ठाम मत आहे. संशोधनाकडे ओढा असेल तर व्हीएनआयटीतल्या प्राध्यापकांना त्यांचा एखादा पेपर खरोखर वाचून लिहा. तिथल्या आयव्हीलॅब्स या विद्यार्थ्यांच्या गटाचं काम इंटरनेटवर उघडं आहे, तेही आधी बघून ठेवा.

एका गोष्टीबद्दल मात्र मी कडक बोलणार. पैसे भरा, चार व्हिडिओ बघा आणि घरबसल्या 'रोबोटिक्स इंटर्न'चं सर्टिफिकेट घ्या, असं सांगणाऱ्यांपासून लांब राहा. कोर्सची फी कोर्ससाठी द्यायला हरकत नाही. पण इंटर्नशिप देतो म्हणून कोणी पैसे मागितले, तर तिथे तुम्हीच गिऱ्हाईक आहात. आईवडिलांचे कष्टाचे पैसे यात जाताना बघून फार वाईट वाटतं. तेवढ्या पैशात सीताबर्डीच्या बाजारातून चांगला मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न आणि दोन गिअर मोटर येतात, आणि त्या वस्तू पुढची काही वर्षं साथ देतात.

कागदपत्रांचं आटोपशीर सांगतो. विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र, त्यात तारखा आणि आठवडे स्पष्ट लिहिलेले. कॉलेजची एनओसी, बोनाफाईड, आधारची प्रत, पासपोर्ट फोटो, स्वतःच्या नावाचं बँक खातं. अपघात विम्याचा कागद बऱ्याच कंपन्या मागतात; कॉलेजने विद्यार्थ्यांचा गटविमा काढला असेल तर त्याची प्रत ऑफिसातून मिळते. चष्म्याचा नंबर असेल तर तो आत्ताच तपासून घ्या. हे सगळं एका फाइलमध्ये ठेवा, आणि मोबाइलमध्येही.

आता खरी तयारी. बायोडेटात सहा प्रोजेक्ट लिहू नका. एक लिहा, पण तो टेबलावर ठेवून चालवून दाखवता आला पाहिजे, आणि कुठे फसतो ते तुम्हालाच सगळ्यात आधी सांगता आलं पाहिजे. अडथळा टाळणारी गाडी हे सगळ्यांचंच प्रोजेक्ट असतं, म्हणून तेच घेऊ. तिच्यावरचा अल्ट्रासॉनिक सेन्सर आवाज सोडतो, तो भिंतीवर आपटून परत येतो आणि लागलेल्या वेळावरून अंतर निघतं. आवाजाचा वेग २० अंश तापमानाला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, ४५ अंशांना सुमारे ३५८. कोडमध्ये ३४३ हा आकडा पक्का लिहिला असेल, तर नवतप्याच्या दुपारी गच्चीवर एक मीटर लांबची भिंत तुमच्या गाडीला साधारण शहाण्णव सेंटिमीटरवर दिसते. हे ज्याने टेप लावून मोजलं, तापमानाचा सेन्सर जोडून दुरुस्त केलं आणि वहीत आधीचे-नंतरचे आकडे लिहून ठेवले, त्याच्याशी मी अर्धा तास बोलेन. चार सेंटिमीटर गाडीला चालून जातील, पण कारखान्यात तेवढ्या चुकीने भाग वाया जातो.

त्याच गाडीतले आणखी दोन प्रश्न मी हमखास विचारतो. पहिला, ७.४ व्होल्टची बॅटरी लावली तरी मोटरला पूर्ण व्होल्टेज का मिळत नाही? मोटरला वीज पुरवणारा एल२९८एन ड्रायव्हर स्वतःच दोन-एक व्होल्ट खातो आणि त्याची उष्णता करतो. म्हणून तर त्याला तो काळा हीटसिंक असतो. दुसरा, ईएसपी ३२ या कंट्रोलर बोर्डाच्या पिनला त्या सेन्सरची इको पिन थेट जोडली तर काय होईल? सेन्सर ५ व्होल्ट देतो आणि बोर्डाची पिन ३.३ व्होल्टची, त्यामुळे ती पिन खराब होऊ शकते; मग मध्ये १ किलोओहम आणि २ किलोओहमच्या रेझिस्टरांचा व्होल्टेज विभाजक टाकायचा. दोन्ही प्रश्नांची उत्तरं स्वतः वायर जोडणाऱ्याला येतात, तयार किट विकत घेणाऱ्याला अडतात. लिपो बॅटरी असेल तर एक सेल ४.२ व्होल्टच्या वर चार्ज करू नका, ३ च्या खाली उतरू देऊ नका. आणि डेमोला निघताना ती मे महिन्यात स्कूटीच्या डिक्कीत तर अजिबात ठेवू नका. फुगलेली लिपो घेऊन आलेल्याला कोणीही शॉपफ्लोअरवर सोडणार नाही.

सॉफ्टवेअरचा पसारा वाढवू नका. सी किंवा पायथॉन यांपैकी एक नीट येऊ द्या. सॉलिडवर्क्स किंवा फ्यूजन या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एखादा ब्रॅकेट काढून त्याचं मापं दिलेलं ड्रॉइंग करता आलं पाहिजे. रॉस (रोबोटचे प्रोग्रॅम लिहायची सॉफ्टवेअर प्रणाली) शिकत असाल तर सरळ रॉस २ शिका. यूट्यूबवरचे अनेक धडे जुन्या रॉसच्या नोएटिक आवृत्तीवरचे आहेत आणि तिचा अधिकृत सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला. रॉस २ च्या आवृत्त्यांपैकी उबुंटू २२.०४ वर हम्बल, २४.०४ वर जॅझी. ही जोडी चुकली की दोन दिवस नुसत्या इन्स्टॉलेशनमध्ये जातात. गॅझेबो या सिम्युलेटरमध्ये रोबोट चालवून बघा, पण सिम्युलेशनमधला रोबोट कधी धुळीने अडत नाही, हे ध्यानात ठेवा.

कॉलेजात कमी शिकवलं जातं आणि कंपनीत रोज लागतं, ते वेगळंच. व्हर्निअर आणि मायक्रोमीटर वाचता येणं: एकाचं लघुतम माप बहुधा ०.०२ मिलिमीटर, दुसऱ्याचं ०.०१. मोठी मोटर सुरू करायच्या स्टार-डेल्टा स्टार्टरचं ड्रॉइंग बोटाने माग काढत वाचता येणं. पीएलसीच्या लॅडरमध्ये, म्हणजे शिडीसारख्या आकृतीत लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये, मोटर चालू-बंदची साधी साखळी, इमर्जन्सी स्टॉपसकट, कागदावर काढता येणं. आणि सेन्सरकडून येणारा ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल समजणं. शून्य ते १० बारच्या प्रेशर सेन्सरकडून १२ मिलिअँपिअर आले तर दाब ५ बार. ८ आले तर अडीच. मग शून्यापासून का नाही सुरू करत, चारपासून का? कारण शून्य आलं की वायर तुटली हे लगेच कळतं. शून्यापासून सुरू केलं असतं तर 'दाब नाही' आणि 'वायर नाही' यांत फरकच कळला नसता. हे ज्याला समजलं, त्याला फॉल्ट शोधायला सोबत न्यावंसं वाटतं.

रोबोट असलेल्या ठिकाणी जाणार असाल तर टीच पेंडंटची, म्हणजे रोबोटला हालचाली शिकवायच्या हातातल्या रिमोटची, एक गोष्ट आधीच समजून घ्या. त्याच्या मागे बोटांनी दाबून धरायचं एक बटण असतं, तीन अवस्थांचं. सोडलं तर रोबोट थांबतो, अर्धं दाबलं तर चालतो, घट्ट आवळलं तर पुन्हा थांबतो. माणूस घाबरला की एक तर हात सोडतो नाही तर मूठ आवळतो, म्हणून दोन्हीकडे थांबायची सोय केलेली आहे. शिकवण्याच्या सावकाश मोडमध्ये रोबोटचा वेग सेकंदाला २५० मिलिमीटरपर्यंतच ठेवलेला असतो. तरी कुंपणाच्या आत पाय टाकण्याआधी 'लॉकआउट (वीज कोणी चालू करू नये म्हणून लावलेलं कुलूप) कुणाच्या नावाचं आहे?' एवढं विचारा. नवख्या मुलाने हा प्रश्न विचारला, की ऑपरेटर मान वर करून बघतोच.

कपडे निवडताना स्वतःला कॉलेजचे पाहुणे समजू नका. पोलादी टोपीचे सेफ्टी शूज स्वतःच्या मापाचे आणि आठवडाभर आधी घरी वापरून मऊ केलेले हवेत, कारण नवे बूट घालून आठ तास उभं राहिलं की दुसऱ्या दिवशी रजा पडते. सुती पूर्ण पँट, अंगाबरोबर बसणारा शर्ट. अंगठी, कडं, गळ्यातली चेन, लांब लोंबणारं ओळखपत्र घरी किंवा लॉकरमध्ये. उन्हासाठी चेहऱ्याला गुंडाळलेला दुपट्टा गेटवर पोचताच सोडून बॅगेत टाका, केस बांधून जाळीत घ्या. ड्रिल मशीनच्या फिरत्या चकजवळ अपघाताला दुपट्ट्याचं एक टोक पुरतं. मुलींनी कंपनीत स्वच्छतागृह आणि कपडे बदलायची जागा आहे का, सुटायची वेळ काय, हे जॉइन होण्याआधी एचआरला सरळ विचारावं. त्यात संकोचण्यासारखं काही नाही, आणि उत्तर टाळणाऱ्या कंपनीत जाऊ नये.

येण्याजाण्याचं आधीच एकदा करून बघा. हिंगण्यासाठी ॲक्वा लाइनने लोकमान्य नगर, तिथून पुढे शेअर ऑटो. मिहानसाठी ऑरेंज लाइनने खापरी. बुटीबोरी लांब आहे. कंपनीची बस कुठल्या चौकातून निघते ते विचारून घ्या, नाही तर खोली शोधावी लागेल. शिफ्ट सकाळी लवकर सुरू होते, दहा मिनिटं आधी पोचलेल्याला सकाळची मीटिंग ऐकायला मिळते. पाण्याची मोठी बाटली आणि डबा. शेडमधला उकाडा बाहेरच्यापेक्षा कमी नसतो.

वही साधी, जाड पुठ्ठ्याची, खिशात मावणारी. रोज तारीख, मशीन, काय बिघडलं, कसं सापडलं. फोटो काढण्याआधी परवानगी घ्या, आणि मिळाली तरी ग्राहकाचं ड्रॉइंग किंवा लाइनचा व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकू नका. त्या एका पोस्टमुळे तुमच्यामागून येणाऱ्या मुलांची दारं बंद होतात. मशीनवरच्या माणसाला 'भाऊ' किंवा 'काका' म्हणा आणि चहाच्या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा. वीस वर्षं एकाच प्रेसवर काम केलेल्या माणसाला मोटर कुठल्या आवाजावर बिघडणार ते कळतं. हे ज्ञान त्याने कुठेही लिहून ठेवलेलं नसतं.

पहिल्या आठवड्यात मेंटॉरला विचारा, की मी जाईपर्यंत तुमच्यासाठी कुठलं एक छोटं काम पूर्ण करू? एखाद्या सेन्सरचा ब्रॅकेट, जुन्या पॅनलचं अद्ययावत ड्रॉइंग, सुट्या भागांची यादी, काहीही चालेल. सर्टिफिकेटचा मसुदा शेवटच्या आठवड्याच्या सुरुवातीलाच दाखवून घ्या: नाव आधारप्रमाणे, तारखा कॉलेजच्या पत्राप्रमाणे, आणि 'प्रशिक्षण घेतलं' एवढंच न लिहिता कोणत्या मशीनवर काय केलं ते एका ओळीत. सही करणारे साहेब मे-जूनमध्ये लग्नांना आणि रजेवर असतात, त्यामुळे शेवटच्या शुक्रवारची वाट बघू नका.