कंपोनंटवर आधारित प्रोग्रॅमिंगचे पहिले पुस्तक घेताना या चुका टाळा

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या एखाद्या दुकानात ‘कंपोनंटवरचे पुस्तक द्या’ एवढेच सांगितले, तर विक्रेता तीन वेगवेगळ्या कपाटांतली पुस्तके समोर ठेवू शकतो: एक कॉम आणि कोर्बा या, वेगवेगळ्या भाषांतले प्रोग्रॅम एकमेकांना जोडण्याच्या जुन्या पद्धतींवरचे जाडजूड, दुसरे एंटरप्राइझ जावाबीन्सचे, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या जावा भागांचे, आणि तिसरे रिॲक्टचे, म्हणजे संकेतस्थळाचा पडदा बनवण्याच्या साधनाचे. त्यात विक्रेत्याची चूक नसते. ‘कंपोनंट’, म्हणजे प्रोग्रॅमचा सुटा, जोडता येणारा भाग, हा शब्द एकच असला तरी नवख्या विद्यार्थ्यासाठी ती तीन निराळ्या विषयांची पुस्तके आहेत, हे दुकानात शिरण्यापूर्वीच आपल्याला ठाऊक असायला हवे.

मूळ कल्पना जुनी आहे. १९६८ साली जर्मनीतील गार्मिश येथे भरलेल्या नाटोच्या सॉफ्टवेअर अभियांत्रिकी परिषदेत डग्लस मॅकिलरॉय यांनी, कारखान्यांतून सुटे भाग निघतात त्याप्रमाणे सॉफ्टवेअरचेही भाग तयार व्हावेत, असा विचार मांडला. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांशी परिचय असणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही: बेअरिंग कोणत्याही पुरवठादाराकडून आले तरी ते बसते, कारण त्याचे माप आधीच ठरलेले असते. सॉफ्टवेअरमध्ये या मापाला इंटरफेस म्हणतात, आणि माझ्या मते पहिल्या पुस्तकाची निवड याच एका गोष्टीवर व्हावी. पुस्तक केवळ भाग बनवायला शिकवते, की भागाचे माप ठरवायला शिकवते, हे आधी पाहावे.

कोर्बा १९९१ मध्ये आले, कॉम १९९३ मध्ये, साधे जावाबीन्स (एंटरप्राइझ नव्हे) १९९७ मध्ये. तर २०१३ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या रिॲक्टमध्ये कंपोनंट म्हणजे पडद्यावरचा एक तुकडा, उदाहरणार्थ बटण, यादी किंवा अर्ज. कॉममधला कंपोनंट आधीच तयार होऊन आलेली फाइल असतो आणि तो दुसऱ्या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमलाही वापरता येतो. रिॲक्टमधला कंपोनंट बहुधा त्याच प्रकल्पाच्या कोडचा भाग म्हणून राहतो. संकेतस्थळे बनवायची असतील तर कोर्बाच्या पुस्तकावर पैसे घालवू नयेत, आणि सर्व्हरवरच्या मोठ्या प्रणालींची रचना समजून घ्यायची असेल तर रिॲक्टचे पुस्तक पुरे पडणार नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र छपाईच्या सालाशी संबंधित आहे, आणि ती मी स्वतः केलेली आहे. भारतात मिळणाऱ्या स्वस्त आवृत्त्यांत पुनर्मुद्रणाचे साल ठळकपणे दिसते, पण मजकूर त्याहून कितीतरी जुना असू शकतो. मी घेतलेले एंटरप्राइझ जावाबीन्सचे पुस्तक पुनर्मुद्रणामुळे नवेकोरे दिसत होते. आतमध्ये मात्र एका साध्या कंपोनंटसाठी होम इंटरफेस, रिमोट इंटरफेस आणि लांबलचक एक्सएमएल फाइल लिहिण्याची जुनी पद्धत होती, जिचा बराचसा भार एंटरप्राइझ जावाबीन्स या तंत्राच्याच २००६ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीतील ॲनोटेशन्समुळे, म्हणजे कोडमध्येच लिहायच्या छोट्या सूचनांमुळे, हलका झाला होता. तीन आठवडे मी अशा गोष्टी पाठ करत बसलो, ज्या लिहिण्याची गरजच उरलेली नव्हती. म्हणून शीर्षकपानाच्या मागची बाजू उघडावी, ‘आवृत्ती’ आणि ‘पुनर्मुद्रण’ ही दोन साले वेगवेगळी वाचावीत आणि विश्वास पहिल्यावरच ठेवावा.

विद्यापीठाच्या ‘पॅटर्न’नुसार छापलेली गाइडे परीक्षेसाठी घ्यावीत, शिकण्यासाठी नव्हे. ‘कंपोनंटची व्याख्या लिहा’ या प्रश्नाचे उत्तर त्यांत नेमके मिळते, पण त्यावरून कंपोनंट लिहिता येत नाही. तसेच ज्याला फंक्शन आणि क्लास अजून स्वतःच्या हाताने लिहिता येत नाहीत, त्याने ही खरेदी सहा महिने पुढे ढकलावी.

दुकानात उभ्या उभ्या दहा मिनिटांत करता येईल अशी एक परीक्षा आहे. पुस्तकात एकच उदाहरण अनेक प्रकरणांतून पुढे नेले आहे का, आणि त्यात कधीतरी एक कंपोनंट काढून त्याच्या जागी दुसरा बसवून दाखवला आहे का, हे शोधावे. समजा, मेसच्या मासिक बिलाचा प्रोग्रॅम आहे: सुट्ट्या वजा करून रक्कम काढणारा भाग एक, आणि नोंदी साठवणारा भाग दुसरा. नोंदी आधी साध्या फाइलमध्ये आणि पुढे डेटाबेसमध्ये ठेवल्या, तरी हिशेबाच्या भागातील एकही ओळ बदलावी लागली नाही, असे दाखवणारे पुस्तक चांगले. प्रत्येक प्रकरणात नवा कॅल्क्युलेटर किंवा नवी कामांची यादी बनवणारे पुस्तक रंजक असेल, पण मापाचा प्रश्न त्यात येतच नाही. पुनर्वापर म्हणजे केवळ इनहेरिटन्स (जुन्या क्लासवरून नवा क्लास काढणे), असा ज्याचा सूर आहे, ते पुस्तक पुन्हा कपाटात ठेवावे.

पुस्तक घेऊन झाले आहे आणि त्यातला प्रोग्रॅम चालत नाही, अशी स्थिती असेल तर लगेच निराश होऊ नये. सर्व्हरवरच्या जावात ‘जावाएक्स’ने सुरू होणारी सर्व्हलेट आणि पर्सिस्टन्ससारख्या पॅकेजांची (तयार कोडच्या गठ्ठ्यांची) नावे २०२० च्या जकार्ता ईई ९ पासून ‘जकार्ता’ने सुरू होतात, आणि २०२२ मध्ये आलेले स्प्रिंग बूट ३ हे जावाचे साधन हीच नवी नावे मागते. मात्र सरसकट सर्व नावे बदलू नयेत, कारण स्विंगसारखी (खिडक्या-बटणे दाखवणारी) जावाच्या गाभ्यातील पॅकेजे अजूनही ‘जावाएक्स’मध्येच आहेत. कोर्बाची उदाहरणे जावा ११ वर चालणार नाहीत, कारण तो भाग २०१८ मध्ये काढून टाकण्यात आला. त्यांच्यासाठी जावा ८ ठेवावे. रिॲक्टचे पुस्तक फेब्रुवारी २०१९ पूर्वीचे असेल तर त्यात हुक्स (कंपोनंटमध्ये बदलती माहिती सांभाळण्याची नवी सोय) नसतील, आणि प्रोग्रॅम सुरू करण्याची त्यातली जुनी ‘रेंडर’ ओळ रिॲक्ट १९ मधून वगळली आहे. तिच्या जागी ‘क्रिएट रूट’ लिहावे. नवा प्रकल्प उभा करून देणाऱ्या ‘क्रिएट रिॲक्ट ॲप’ या साधनाची शिफारसही २०२५ मध्ये अधिकृतपणे थांबवण्यात आली, तेव्हा तेवढे मांडणीचे प्रकरण बाजूला ठेवून ‘वीट’ (Vite) या त्याच कामाच्या दुसऱ्या साधनाने नवा प्रकल्प उघडावा आणि पुढची प्रकरणे त्यात करून पाहावीत.