गाडीवर चौघंच असतील तेव्हा
नगरपालिकेच्या बंबावर सत्तावीस वर्षं काढली. त्यातली निम्मी आम्ही चौघंच होतो: ड्रायव्हर, दोन फायरमन आणि लीडिंग फायरमन म्हणून मी. मंजूर पदं किती, ते विचारू नका. एकाची रजा निघाली की तिघं. प्रशिक्षणात शिकवलेली ड्रिल सहा जणांची असते, म्हणून हे चौघांसाठी लिहितोय.

आगीची वर्दी आली की गाडी गेटबाहेर पडायच्या आत दुसरी गाडी मागवा. शेजारची नगरपालिका, एमआयडीसी, साखर कारखाना, जे जवळ असेल ते. ‘आधी जाऊन बघू’ म्हणण्यात वीस मिनिटं जातात. आग किरकोळ निघाली तर त्यांना वाटेतून परत पाठवता येतं. शिव्या पडतात, खायच्या. त्याच दमात महावितरणच्या लाइनमनला फोन. पाण्याच्या टँकरवाल्यांचे नंबर डॅशबोर्डवर चिकटवा, ड्रायव्हरच्या मोबाइलमध्ये ठेवू नका. तो ज्या दिवशी सुट्टीवर असतो, नेमकी त्याच दिवशी आग लागते.

आता पाण्याचा हिशेब. गाडीत 4500 लिटर आहे असं धरू. 20 मिलिमीटरचं नोझल 5 बार दाबाला मिनिटाला साधारण 600 लिटर ओततं, म्हणजे साडेसात मिनिटांत टाकी कोरडी. 12.5 मिलिमीटरचं नोझल लावलं तर तेच पाणी एकोणीस मिनिटं पुरतं. चौघांनी दोन ब्रँच (पाइपच्या टोकाची, नोझल बसवायची हातातली नळी) लावणं म्हणजे माणसंही विभागली आणि पाणीही. एकच ब्रँच लावा, आणि ती नीट लावा.

पोचल्यावर मी पाइपला हात लावत नाही. शक्य तितकी इमारतीला फेरी मारतो: धूर कुठून येतोय, कुठली खिडकी फुटलीय, मागे बोळ आहे का, सिलिंडर कुठे असतील. मिनिटभर लागतं. तोवर लोक ओरडत असतात, ‘बघत काय बसलाय, पाणी मारा!’ ओरडू द्या. ‘आत माणूस आहे’ असं कुणी म्हणालं तर घरातलंच माणूस शोधून तीन गोष्टी विचारा: कोण, कुठल्या खोलीत, शेवटचं कधी पाहिलं. कितीदा तरी ‘आत अडकलेले’ आजोबा कोपऱ्यावरच्या टपरीवर सापडलेत.

ज्वाळा खिडकीबाहेर येत असतील तर पहिला मार बाहेरूनच. खिडकीच्या खाली जवळ उभं राहून सरळ झोत छताला मारायचा, पंधरा-वीस सेकंद, आणि मग थांबून बघायचं. रुंद फवारा करू नका. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे 1700 पट फुगते. फवाऱ्याने खिडकी बुजवली तर ती वाफ आणि धूर आतल्या माणसाकडे जातो. बाहेरून पाणी मारलं की आग आत ढकलली जाते, असं मलाही शिकवलं होतं. 2012 मध्ये न्यूयॉर्कच्या गव्हर्नर्स आयलंडवर तिथल्या अग्निशमन दलाने संशोधकांना घेऊन रिकामी घरं पेटवून मोजमापं घेतली. बाहेरच्या सरळ झोताने आतली उष्णता उतरते, हे त्यात दिसलं. आणि पाणी हाताशी येईपर्यंत घराचं दार ओढून घ्या. उघडं दार म्हणजे आगीला हवा.

आत जायचं तर दोघांनी. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमात ‘दोन आत, दोन बाहेर’ असं लिहूनच ठेवलंय. आपल्याकडे बाहेरच्या दोघांपैकी एक ड्रायव्हर असतो आणि त्याला पंप सोडता येत नाही. म्हणजे खरा बाहेरचा एकच. श्वसनाचे सेट (पाठीवरची हवेची टाकी आणि मुखवटा) दोनच असतील तर तोही रिकाम्या तोंडाने उभा. म्हणून माझा नियम: कुणाला बाहेर काढायचं नसेल तर दुसरी गाडी येईपर्यंत आत पाऊल नाही. माल जळतो, जळू दे. आणि सेटचा काटा 300 बार दाखवतोय म्हणून पाऊण तास धरू नका. दमछाक करणाऱ्या कामात अर्ध्या तासातच हवा संपत आल्याची शिट्टी वाजते, आणि ती वाजताना तुम्ही दाराबाहेर असायला हवं.

हा नियम मी स्वतः मोडलाय. कापडाचं दुकान, मागे गोदाम. दोघं मागच्या बाजूला होते, मी एकटाच ब्रँच घेऊन शिरलो. 63 मिलिमीटरच्या 15 मीटर पाइपात 47 लिटर पाणी मावतं. दोन पाइप म्हणजे शंभराच्या आसपास किलो. दाराच्या कोपऱ्याला पाइप अडकला, मागून सारायला कुणी नाही. हिसका दिला तेवढ्यात धूर गुडघ्यापर्यंत उतरला आणि दार कुठल्या बाजूला हेच कळेना. मग ब्रँच सोडली, पाइप चाचपत जोड शोधला. जोडाच्या ज्या बाजूला सोडवायचे दोन कान असतात, तो पाइप पंपाकडे जातो. त्या बाजूने रांगत बाहेर आलो. हातमोजे घालून, डोळे मिटून हा जोड ओळखायची सवय महिन्यातून एकदा करा. पाच मिनिटांचं काम आहे.

जुन्या वाड्यांबद्दल थोडं जास्त सांगतो. माळवदावर मातीचा थर असतो. आपण वर पाणी ओतत राहतो आणि माती ते पीत राहते. एक टाकी म्हणजे साडेचार टन वजन, आणि खालच्या तुळया तर जळत असतात. मे 2015 मध्ये मुंबईत काळबादेवीची गोकुळ निवास इमारत आगीत कोसळली. तिच्यापायी मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी गेले, त्यात दलाचे प्रमुख सुनील नेसरीकरही होते. तुळईतून माती गळायला लागली, भिंत पोट काढायला लागली, किंवा कुठून करकर आवाज आला की लांब शिट्ट्या मारून सगळ्यांना बाहेर घ्यायचं, पाइप तिथेच टाकून. भिंतीच्या उंचीच्या दीडपट अंतरापर्यंत कुणी उभं राहायचं नाही, गाडीसुद्धा नाही.

बघ्यांना काम द्या. मोटारसायकली हलवणं, टँकरला वाट करून देणं, पाइपवरून रिक्षा जाऊ न देणं. ब्रँच मात्र त्यांच्या हातात द्यायची नाही, पैलवान असला तरी.

आग विझल्यावर सगळ्यांना चहा सुचतो. त्याआधी भिंतीत घुसलेली तुळयांची टोकं बघा. हाताची पालथी बाजू जवळ न्या. ऊब लागली तर तिथली माती उकरून पाणी घाला, नाहीतर पहाटे तीनला तीच वर्दी परत येते. आम्हाला आलीये, दोनदा.