रिकामं होत चाललेलं शहर डिझाईन करताय? या चुका टाळा

भाच्याने आर्किटेक्चरच्या थीसिससाठी अमेरिकेतलं डेट्रॉईट शहर घेतलंय, आणि मी इथे जवळच राहतो म्हणून ड्रॉइंग्ज मला पाठवली. बघतो तर नदीकाठी टॉवर, वरून मोनोरेल, खाली मॉल. म्हटलं बाबा रे, हे सगळं इथे करून झालंय. तर त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या बाकीच्या पोरांसाठी लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गेलेली माणसं परत येणार असं धरून चालणं. १९५० मध्ये इथे साडेअठरा लाख लोक होते, २०२० च्या जनगणनेत ६ लाख ३९ हजार. शहर मात्र तेवढंच, साधारण ३६० चौरस किलोमीटर, म्हणजे पाइप, गटारं, रस्ते सगळं साडेअठरा लाखांच्या मापाचं आणि बिल भरणारे जेमतेम एक तृतीयांश. थोरल्याचा शर्ट धाकट्याला घातल्यासारखं.

बरं, रिकामी जागा सलग एका कोपऱ्यात मिळत नाही. ईस्ट साइडच्या एखाद्या गल्लीत जा, जिथे तीसेक घरं असतील तिथे आता चार उरलीयेत. घरं लाकडी, एक रिकामं पडलं की आधी आतले तांब्याचे पाइप जातात, मग आग लागते, मग बुलडोझर. कमरेएवढ्या गवतात सिमेंटच्या तीन पायऱ्या तशाच उभ्या असतात, पुढे घरच नाही. त्या चार घरांसाठी कचऱ्याची गाडी यावीच लागते. भाच्याने हा पट्टा हिरवा रंगवून वर 'अर्बन फॉरेस्ट' लिहिलंय आणि त्या चार घरांचं काय ते लिहिलेलंच नाही. ओहायोतल्या यंग्सटाउनने २००५ च्या प्लॅनमध्ये सरळ कबूल केलं की आता आपण छोटं शहर, कौतुकही झालं, पण पैसे देऊ केले तरी लोक फारसे हलले नाहीत. डेट्रॉईटला तर त्याहून वाईट आठवणी आहेत. ब्लॅक बॉटम ही काळ्या लोकांची वस्ती पाडली आणि शेजारच्या बाजाररस्त्यावरून हायवे नेला, १९८१ मध्ये जीएम म्हणजे जनरल मोटर्सच्या कारखान्यासाठी पोलटाउनमधली चार हजारांवर माणसं उठवली. नकाशा घेऊन आलेल्या माणसाला इथे कोणी चहा विचारणार नाही. त्यापेक्षा शेजारचा रिकामा प्लॉट शंभर डॉलरला शेजाऱ्यालाच द्यायची लँड बँकेची (रिकाम्या जागा ताब्यात ठेवणारी सरकारी संस्था) स्कीम बघा, निदान गवत तरी कापलं जातं.

आता रस्त्यावरचे दिवे. २०१३ मध्ये शहराचं दिवाळं निघालं तेव्हा ८८ हजार दिव्यांपैकी साधारण ४० टक्के बंद होते. बल्ब बदलून भागणार नव्हतं, कारण तारच चोरीला जायची, तांब्याची ना. मग तार ॲल्युमिनियमची टाकली, दिवे एलईडीचे लावले, आणि आकडाच कमी केला, २०१६ च्या शेवटी ६५ हजार, पण लागणारे! माझ्या मते या शहरातलं सगळ्यात शहाणं डिझाईन हेच.

मोनोरेलचं थोडक्यात सांगतो. इथला पीपल मूव्हर, म्हणजे खांबांवरून धावणारी छोटी विनाचालक गाडी, १९८७ पासून डाउनटाउनभोवती पावणेपाच किलोमीटरचा फेरा मारतोय, मोठ्या जाळ्याचा तो तुकडा होता, बाकी जाळं झालंच नाही. आणि नदीकाठचे टॉवर म्हणजे १९७७ चं रेनेसान्स सेंटर, रस्त्याच्या बाजूला काँक्रीटचे बांध घालून बसलेलं, माणसाला आत शिरायचं कुठून कळायचं नाही, शेवटी ते बांध पाडले.

अजून एक चूक आपल्या लोकांची खास. गिरणगाव बघून सांगतात, बिल्डरला द्या ना! अहो, लालबाग-परळला गिरण्या बंद पडल्या आणि जमिनीचं सोनं झालं, भांडण झालं ते कोणाला किती यावरून. इथे कित्येक गल्ल्यांत घर बांधायला जेवढा खर्च येतो तेवढ्याला ते विकलंच जात नाही, बिल्डर येईल कशाला? त्यापेक्षा आहे ते वापरा. जुन्या रेल्वेची खोलगट लाइन, डिक्विंडर कट, २००९ मध्ये चालायला खुली केली, भिंतीवरची ग्राफिटी तशीच ठेवली. मागच्या उन्हाळ्यात आईबाबांना तिथून चालत ईस्टर्न मार्केटला, इथल्या भाजीबाजाराला, नेलं, आईने मेथीसारखं काहीतरी शोधलंच.

भाचा विचारतोय, मामा, मग शीटवर दाखवू काय, ज्यूरीला रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेली चकचकीत चित्रं, लागतात. त्याचंही खरंय. चार लागणारे दिवे आणि गवत कापलेला एक प्लॉट, याचं रेंडर मी तरी अजून बघितलेलं नाही.