मिरर केलेल्या डिस्क आणि बूटलोडर: या चुका टाळा

लिनक्सवर दोन डिस्कचा रेड-1 संच (दोन्हींवर तोच डेटा ठेवणारी मिरर जोडी) उभारला की एक डिस्क गेली तरी काम अडणार नाही, असे आपण गृहीत धरतो. यंत्र चालू आहे तोवर ते खरेही असते. पंचाईत होते ती पुढच्या रीबूटला, कारण डेटा दुसऱ्या डिस्कवर शाबूत असूनही तिथे बूटलोडर (यंत्र सुरू होताना लिनक्स लोड करणारा छोटा प्रोग्रॅम) नसतो आणि पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकत राहतो.

एमडीएडीएम हे रेड संच उभारणारे साधन सहसा पार्टिशनांची जोडी लावते, अख्ख्या डिस्कची नव्हे. बायोस या जुन्या बूट पद्धतीत ग्रब या बूटलोडरचा पहिला तुकडा डिस्कच्या 512 बाइटच्या पहिल्या सेक्टरमध्ये आणि त्याचा गाभा पहिल्या पार्टिशनआधीच्या मोकळ्या जागेत बसतो. या दोन्ही जागा संचाबाहेर असल्यामुळे त्यांची नक्कल आपोआप होत नाही. म्हणून ग्रब-इन्स्टॉल ही आज्ञा एसडीए आणि एसडीबी (लिनक्समधली डिस्कची नावे) या दोन्ही डिस्कवर स्वतंत्रपणे चालवावी लागते, आणि तीही पूर्ण डिस्कवर, एसडीए-1 सारख्या पार्टिशनवर नव्हे. डिस्कवर जीपीटी या नव्या पद्धतीचा पार्टिशन तक्ता असल्यास दोन्हीकडे सुमारे 1 एमबीचे बायोस बूट पार्टिशन हवे; तेही संचाबाहेर.

एकदा हाताने बसवून विसरून जाणे ही याहून फसवी चूक आहे. डेबियन आणि उबुंटूमध्ये ग्रबचे पॅकेज अद्ययावत होताना नोंदवलेल्या डिस्कवरच नवा गाभा लिहिला जातो. वगळलेल्या डिस्कवर गाभा जुना राहतो आणि बूट फोल्डरमधली मॉड्यूल मात्र नवी होतात. जुलै 2020 मध्ये बूटहोल या ग्रबमधल्या सुरक्षा त्रुटीची दुरुस्ती आली तेव्हा अनेक यंत्रे ‘ग्रब कॅलॉक’ हे सिम्बॉल सापडत नसल्याचे सांगून ग्रबच्या रेस्क्यू प्रॉम्प्टवर (बूट न होता आज्ञेची वाट पाहणाऱ्या पडद्यावर) थांबली, ती याच विसंगतीमुळे. डीपीकेजी-रीकॉन्फिगर ही आज्ञा वापरून ग्रब-पीसी या पॅकेजच्या यादीत दोन्ही डिस्कवर खूण केली की हा धोका टळतो.

यूईएफआय या बायोसच्या जागी आलेल्या पद्धतीत फर्मवेअरला (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमला) रेड कळत नाही. त्याला फॅट स्वरूपाचे ईएसपी, म्हणजे बूटच्या फाइलींचे पार्टिशनच वाचता येते. रेडची माहिती ठेवणारा मेटाडेटा 1.0 पार्टिशनच्या शेवटी लिहिला जात असल्याने ईएसपीचाही मिरर करता येतो, परंतु फर्मवेअरने परस्पर एखादी फाइल लिहिली तर दोन प्रती न कळत वेगळ्या होतात. त्यापेक्षा दोन स्वतंत्र ईएसपी ठेवून ईएफआयबूटएमजीआर या साधनाने फर्मवेअरच्या बूट यादीत दोघांची नोंद करणे मला अधिक सुरक्षित वाटते. फक्त प्रत्येक अद्ययावतीकरणानंतर दुसरी प्रत ताजी करावी लागते. एफएसटॅबमध्ये (कोणते पार्टिशन कुठे जोडायचे त्या यादीत) ईएसपीच्या ओळीत नोफेल हा पर्याय नसेल, तर ती डिस्क गेल्यावर सिस्टमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) तिची वाट पाहून इमर्जन्सी मोडमध्ये जाते. एवढी खटपट करून अडखळायचे ते एका शब्दावर!

डिस्क बदलताना एसजीडिस्क या पार्टिशन साधनाच्या, तक्त्याची नक्कल करणाऱ्या कॅपिटल आर पर्यायात आधी नवी डिस्क आणि मग जुनी लिहायची असते. क्रम उलटला तर चांगल्या डिस्कचाच तक्ता पुसला जातो. त्यानंतर कॅपिटल जी पर्यायाने नव्या डिस्कचे ओळखक्रमांक बदलावेत, पार्टिशन संचात जोडावे आणि बूटलोडर पुन्हा बसवावा.

या सगळ्याची चाचणी यंत्र बंद करून, पहिल्या डिस्कची केबल काढूनच घ्यावी. यंत्र सुरू झाले की एमडीस्टॅट या रेडची स्थिती दाखवणाऱ्या फाइलमध्ये एक यू (चालू डिस्क) आणि एक अधोरेघ (गायब डिस्क) दिसेल. केबल परत लावून पार्टिशन संचात जोडावे, दोन्ही यू दिसेपर्यंत थांबावे आणि त्यानंतरच दुसऱ्या डिस्कच्या केबलला हात लावावा.