जुन्या व्यावसायिक बेसबॉल संघाचे मूळ कसे शोधावे

अमेरिकेतील एखाद्या जुन्या बेसबॉल संघाचे मूळ शोधायला बसलेला अभ्यासक बहुधा संघाच्या नावापासून सुरुवात करतो आणि तिथेच फसतो. त्या काळी संघांची नावे खेळाडूंच्या मोज्यांच्या रंगावरूनही पडत आणि माणसे शहर बदलताना ती नावे बरोबर घेऊन जात. म्हणून नाव बाजूला ठेवावे आणि आधी दोन गोष्टी तपासाव्यात: खेळाडूंना पगार कोण देत होते, आणि तो पगार बंद झाल्यावर खेळाडू कोठे गेले.

सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज (म्हणजे ‘लाल मोजे’) हा संघ सरावासाठी उत्तम आहे. १८६६ मध्ये स्थापन झालेल्या या क्लबचे अध्यक्षपद पुढे अ‍ॅरन चॅम्पियन या वकिलाकडे आले, तर संघ प्रत्यक्ष उभा केला तो हॅरी राइट यांनी. शेफील्डमध्ये जन्मलेले राइट मुळात क्रिकेटपटू होते आणि १८६५ मध्ये सिनसिनाटीला आले तेही तेथील क्रिकेट क्लबचे पगारी खेळाडू म्हणून. पैसा उभा करणारा आणि संघ घडवणारा अशा दोन्ही माणसांची नोंद वेगवेगळी ठेवावी, कारण ‘संस्थापक’ या एका शब्दात त्यांची सरमिसळ होते.

यानंतर वेतनाचे आकडे पाहावेत. १८६९ च्या हंगामासाठी कप्तान हॅरी यांना १२०० डॉलर, तर शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) जागी खेळणारे त्यांचे धाकटे बंधू जॉर्ज यांना १४०० डॉलर ठरले होते. कप्तानापेक्षा धाकटा भाऊ महाग, यावरूनच हा मामला हौशी उरला नव्हता हे कळते. मात्र ‘पहिला व्यावसायिक संघ’ असे सरसकट लिहू नये. खेळाडूंना आडून पैसे देण्याची पद्धत आधीपासून होती. १८६७ मध्ये वॉशिंग्टनच्या संघाने जॉर्ज राइट यांना सरकारी कारकून म्हणून दाखवले होते आणि त्यांच्या कचेरीचा म्हणून दिलेला पत्ता एका सार्वजनिक बागेचा होता! तेव्हा ‘उघडपणे संपूर्ण पगारी असलेला पहिला संघ’ असे म्हणणेच नेमके ठरेल.

आता माणसांच्या मागोमाग जावे. जून १८७० मध्ये ब्रुकलिनच्या अटलांटिक्स संघाने अकरा डावांच्या सामन्यात ८-७ अशी मात करून सिनसिनाटीची अपराजित घोडदौड थांबवली आणि त्या हंगामानंतर क्लबने पगारी संघ मोडला. राइट बंधू बॉस्टनला गेले. तेथे आयव्हर्स व्हिटनी अ‍ॅडम्स यांनी १८७१ मध्ये नवा क्लब काढला होता आणि ‘रेड स्टॉकिंग्ज’ हे नावही त्याच क्लबाने घेतले. हाच क्लब पुढे १९५३ मध्ये मिलवॉकीला आणि १९६६ मध्ये अटलांटाला गेला, म्हणजे आजच्या अटलांटा ब्रेव्हजची वंशावळ बॉस्टनपर्यंत जाते. आजचा सिनसिनाटी रेड्स मात्र १८६९ च्या संघाचा थेट वारस नाही; तो १८८२ मध्ये अमेरिकन असोसिएशन या तेव्हाच्या साखळी स्पर्धेतून खेळू लागलेला वेगळा क्लब आहे. शिकागोतही हाच घोळ आहे. विल्यम हल्बर्ट यांनी १८७६ मध्ये नॅशनल लीग या व्यावसायिक साखळी स्पर्धेच्या स्थापनेत पुढाकार घेतला, तेव्हा त्यांच्याकडे असलेला ‘व्हाइट स्टॉकिंग्ज’ म्हणजे आजचा शिकागो कब्ज (Cubs) संघ, त्याच शहरातला व्हाइट सॉक्स नव्हे.

संस्थापकांविषयीच्या दंतकथा तारखेशी ताडून पाहाव्यात. अ‍ॅबनर डबलडे या अमेरिकी सेनाधिकाऱ्याने १८३९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउनला बेसबॉल शोधून काढला, असा निष्कर्ष एका समितीने १९०७ मध्ये काढला होता. पण १८३९ मध्ये डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होते. अशा कथांपेक्षा त्या काळची वृत्तपत्रे आणि क्लबांचे हिशोब अधिक भरवशाचे असतात. हॅरी राइट यांच्या हिशोबाच्या वह्या न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत जतन केलेल्या आहेत. बॉस्टनच्या संघाचा शोध घ्यायचा असेल, तर आरंभ तेथूनच करावा.