ज्यूरीसाठी किती नागरिक बोलवावेत?

अमेरिकेच्या संघीय न्यायालयात गंभीर गुन्ह्याच्या, परंतु मृत्युदंडाचा प्रश्न नसलेल्या खटल्यासाठी नागरिक बोलावताना आकडा अंदाजाने न ठरवता बेरीज करूनच ठरवावा: 12 ज्यूरीसदस्य, कारण न देता नावे वगळण्याचे सरकार पक्षाचे 6 आणि बचाव पक्षाचे 10 अधिकार, म्हणजे 28, त्यात राखीव सदस्य आणि पूर्वग्रहासारख्या सबळ कारणाने वगळले जाऊ शकणारे मिळवावेत. ज्यूरी निवडण्यासाठी नागरिकांना विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची पाळी न येताच किती जण परत गेले, याची प्रत्येक खटल्यागणिक नोंद ठेवावी. कामधंदा बुडवून आलेल्या माणसाला दिवसभर नुसते बसवून ठेवणे मला अन्यायाचेच वाटते. म्हणून आरोपी गुन्हा कबूल करणार आहे का, हे वकिलांना आदल्या दिवशीच विचारावे आणि तसे असल्यास संध्याकाळच्या ध्वनिमुद्रित दूरध्वनी संदेशातून ‘उद्या येऊ नये’ असे कळवावे.